वरण, गोळी आणि बाबांचा हात

लोकांना वाटतं, औषधाची गोळी म्हणजे सगळं औषधच. तसं नसतं हो. बऱ्याच गोळ्यांत औषध चिमूटभर आणि बाकी सगळी भरती. मक्याचं स्टार्च, दुधातली साखर, दाणे एकमेकांना धरून राहावेत म्हणून खळीसारखं काहीतरी, साच्याला चिकटू नये म्हणून किंचित भुकटी, वरून रंगाचा पापुद्रा. माझी सगळी नोकरी या भरतीवर गेली. नागपुरातल्या एका फार्मसी कॉलेजात बावीस वर्षं मी पोरापोरींना हेच शिकवते आहे, की ही भरती चुकली तर गोळी पोटात गेल्यावर नीट विरघळत नाही, आणि विरघळली नाही तर ती गिळली काय अन् खिशात ठेवली काय, सारखंच. माझा नवरा पाहुण्यांना माझी ओळख करून देतो, "ही गोळीतलं पीठ शिकवते." यावर काय बोलणार? खरंच तेच शिकवते.

स्वभाव माझा तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. कॉलेजात मी व्हरांड्यात दिसले की पोरं अॅप्रनची बटणं लावायला लागतात. आणि गोळ्यांच्या बाबतीत तर मला कोणाचं काही पटतच नाही. डॉक्टर असो, दुकानदार असो, मी उलट प्रश्न विचारल्याशिवाय राहत नाही. एवढी हुशार मी, पण माझ्याच घरात, माझ्याच बापाच्या ताटात काय चाललंय ते मला तीन वर्षं दिसलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

बाबा पारशिवनीचे. बसस्टँडजवळ त्यांचं टेलरिंगचं दुकान होतं. तालुक्यातल्या बायकांचे ब्लाउज, शाळेच्या पोरांचे गणवेश, सगळं त्यांच्या हातचं. मग त्यांना कंपवात झाला. आधी डावा हात हलायला लागला, मग उजवा, मग चालताना पाय जमिनीला धरून राहायला लागले. तेव्हा दुकान बंद केलं आणि मी आईबाबांना नागपुरात जरीपटक्याला माझ्या घरी आणलं. डॉक्टरांनी दिवसातून तीनदा घ्यायची गोळी दिली, आणि रात्रीसाठी एक वेगळी. गोळी लागू पडली की बाबा पूर्वीचे बाबा. नाही पडली की शर्टाच्या एका बटणाला पंधरा मिनिटं, आणि मदत करायला गेलं की, "सोड, माहं मी लावतो."

अशात माझ्या मुलीचं लग्न ठरलं, जानेवारीतलं. आमच्याकडे नवरी पांढरी साडी नेसते. आजोबांच्या पिढीपासून, म्हणजे आमच्या घराने बौद्ध धम्म घेतला तेव्हापासून, आमच्या घरच्या प्रत्येक नवरीचा पांढरा ब्लाउज बाबांच्या घरातच शिवला गेलाय. आत्यांचे, माझा, माझ्या चुलतबहिणींचे, सगळे बाबांनी कापलेले. ते म्हणायचे, रंगीत कपड्यात चूक लपते, पांढऱ्यात लपत नाही. माझी मुलगी त्यांच्यासमोर जाऊन बसली आणि म्हणाली, "आबा, शिवेल कोणीही. पण कापायचा तुमीच." बाबा हो म्हणाले. नंतर खोलीत जाऊन त्यांनी वर्तमानपत्रावर खडूने गळ्याचा आकार काढून कात्री चालवून पाहिली. मी दारातून पाहत होते. कात्री रेघेवरून घसरली ती पार कडेपर्यंत गेली. त्यांनी कागदाची घडी घातली आणि मला म्हणाले, "हा रद्दीत टाक."

त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. लग्नाला दीड महिना होता. मला तो ब्लाउज बाबांच्या हातूनच कापलेला हवा होता, मुलीसाठी नाही, बाबांसाठी. डॉक्टरांनी गोळी थोडी वाढवून दिली. काही दिवस हात छान चालायचा, काही दिवस गोळी घेऊनही नाही म्हणजे नाही. दुपारची गोळी तर जवळजवळ रोज वाया जायची.

मग माझ्या डोक्याने माझ्या धंद्याप्रमाणे विचार केला. गोळीची कंपनी बदलली होती. म्हणजे औषध तेच, पण भरती वेगळी. मी मनात म्हटलं, सापडला चोर. जुन्या आणि नव्या दोन्ही गोळ्या पर्समध्ये टाकून कॉलेजात नेल्या. आमच्या प्रयोगशाळेत एक यंत्र आहे. काचेची भांडी, अंगाच्या उष्णतेइतकं कोमट पाणी, आणि वरून संथ फिरणारी पळी. गोळी त्यात सोडायची आणि किती वेळात विरघळते ते पाहायचं. लॅबच्या मॅडमला वाटलं मी संशोधन करून राहिले. मी घड्याळ लावून बसले. दोन्ही गोळ्या पाच-सात मिनिटांत विरघळल्या, एकमेकींपेक्षा सरस. मला इतका राग आला की यंत्र धुऊन न ठेवताच मी निघून आले.

पुढच्या आठवड्यात तिसऱ्या वर्षाचा तास होता. विषय, जेवणाचा औषधावर होणारा परिणाम. माझा पाठ विषय आहे, झोपेत शिकवेन. दुधातलं कॅल्शियम काही औषधांना धरून ठेवतं, चहा लोहाच्या गोळीला आडवा येतो, काही औषधं उलट तेलतुपाबरोबर जास्त लागू होतात. आणि मग मी दर वर्षीचं उदाहरण दिलं. कंपवाताच्या औषधाला आतड्यातून रक्तात जायला जे दार आहे, तेच दार प्रथिनांच्या तुकड्यांचंही आहे. डाळ, अंडी, दूध पचलं की ते तुकडे दाराशी गर्दी करतात आणि औषध मागे राहतं. म्हणून ही गोळी जेवणाच्या आधी घ्यायची. भिवापूरकडची एक मुलगी नेहमी पहिल्या बाकावर बसते. ती म्हणाली, "मॅडम, मंग आपल्याकडे तं दोन्ही टाइम वरण असते. आपल्या पेशंटनं काय करायचं?"

उत्तर लिहायला मी खडू उचलला आणि मला बाबांची ताटली आठवली. सकाळी कॉलेजला निघताना दोन उकडलेली अंडी सोलून मी स्वतः बाबांच्या ताटलीत ठेवली होती. बाजूला दुधाचा पेला. त्या पेल्याबरोबर गोळी.

पोरं माझ्याकडे पाहत होती. मी फळ्याकडे वळले, उगाच एक रेघ पुसली आणि पुन्हा काढली. उरलेला तास मी कसा घेतला मला आठवत नाही. माझं वजन आणि माझी अक्कल दोन्ही त्या दिवशी निम्मी झाली असावी.

घरी येऊन स्वयंपाकघराची झडती घेतली. आता झडतीत काय सापडलं ते ऐका. आमच्या आईचं ठाम मत, की इंग्रजी गोळी गरम पडते. उपाशी पोटी घेतली तर ती आतडं जाळते. म्हणून ती बाबांना आधी निम्मं वरण-भात खाऊ घालायची आणि मग हातात गोळी द्यायची, वर आणखी दोन घास, म्हणजे गोळी भाताच्या मधोमध बसली पाहिजे. बाबांचं वजन उतरायला लागलं म्हणून वरण घट्ट केलं, ते तिने. अंडी सुरू केली, ती मी. दुधात प्रोटीनची पावडर घालायला लागले, तीही मीच, महागाचा डबा आणून. आणि रात्रीची गोळी, जी हळूहळू विरघळावी म्हणून मुद्दाम वेगळ्या भरतीने बनवलेली असते, ती आई गिळायला मोठी वाटते म्हणून खलबत्त्यात कुटून साईबरोबर देत होती. गोळीतलं पीठ शिकवणाऱ्या बाईच्या घरात गोळीचं पीठ. मी खलबत्ता उचलून माळ्यावर टाकला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, बरोबर आहे, गोळी जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी द्या, पोटात ढवळलं तर साधं बिस्किट चालेल, डाळ-अंडं बंद करू नका, फक्त संध्याकाळकडे सरकवा, आणि रात्रीची गोळी अख्खी गिळू द्या. हे सगळं त्यांनी पहिल्या दिवशीही सांगितलं असेल. पण पहिल्या दिवशी मीच इतके प्रश्न विचारत होते, ऐकलं कोणी?

आईला समजावून सांगायचं काम राहिलं. मी आपली शिक्षिका, मी तिला कागदावर आतडं काढून दाखवलं. हे दार, हे वरण, ही गोळी. आई शांतपणे पाहत होती. मग म्हणाली, "म्हणजे तीन वर्सं मीच त्यायचा हात धरून ठेवला?"

मी म्हटलं, "तसं नाही गं, अंडी तर मी दिली."

"अंडी तुही आठ महिन्यांपासून हायेत. वरण माहं आहे," ती म्हणाली आणि उठून बाल्कनीत कपडे काढायला गेली. कपडे ओलेच होते. मला त्या आतड्याच्या चित्राची इतकी लाज वाटली की मी तो कागद चुरगळून टाकला.

बाबा मात्र खुशीत. नवीन वेळापत्रक त्यांना पटलं. सहाला त्यांची गोळी, साडेसहाला आईची साखरेची, सातला दोघांचा नाश्ता, त्यात दूध-अंडं नाही, नुसती फोडणीची पोळी किंवा पोहे आणि चहा. दुपारी भाजी-भाकर आणि भिवापुरी मिरचीचा ठेचा, वरण रात्री. चौथ्या दिवशी सकाळी ते अंघोळ करून बाहेर आले ते शर्टाची सगळी बटणं लावून. आईने पाहिलं, आणि त्या दिवशी पोह्यांत शेंगदाणे जरा जास्त पडले. मी शेंगदाण्यांकडे पाहिलं तेव्हा ती म्हणाली, "हे बी काढू काय?" मी म्हटलं, राहू दे बाई.

पंधरा दिवस हात चांगला चालला. सकाळी साडेसहा ते नऊ हा त्यांचा हुकमी वेळ. कागदावर त्यांनी चार गळे कापले, एकही रेघ सुटली नाही. मग एका रविवारी सकाळी कापायचं ठरलं. बाबा म्हणाले, "आज मले सातले काही देऊ नको. कापून झाल्यावरच खाईन. पोटात अन्नच नसलं तं गडबडच नाही." मलाही ते पटलं. मी तर पुढे जाऊन स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसले. कोणी आज ओट्याकडे फिरकायचं नाही. आईने आत डोकावलं तर मी हाताने मागे हो म्हणून सांगितलं. काय तो माझा थाट.

दिवाणखान्यात सतरंजीवर पांढरं कापड पसरलं होतं. थंडीचे दिवस, खिडकीतून कोवळं ऊन येत होतं. बाबांनी कापडावरून दोनदा हात फिरवला, मुलीचं माप पुन्हा घेतलं. मग गळ्यावरून वाद सुरू झाला. मुलीला मागून खोल गळा हवा होता. बाबा म्हणाले, "थंडीचं लग्न आहे, खोकलत बसशीन." ती म्हणाली, "आबा, फोटोत खोकला दिसत नाही." यात चांगला पाऊण तास गेला. शेवटी दोन बोटं खोल, असं ठरलं. बाबांनी खडूने रेघा ओढल्या. एकेक रेघ अशी सरळ, की मला रडूच यायला लागलं. त्यांनी कात्री उचलली.

तेवढ्यात मुलगी म्हणाली, "आजी, तू अशी काय करून राहिली?"

आई पलंगाच्या कडेला बसली होती. थंडीतही तिचं कपाळ घामाने ओलं होतं. हात मांडीवर थरथरत होते, ओठ हलत होते पण शब्द नीट येत नव्हते. मला क्षणभर वाटलं, आता हिलाही कंपवात झाला की काय. आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आईची साखरेची गोळी. ती रोज साडेसहाला घेते आणि सातला खाते. ती गोळी साखर खाली आणते, म्हणून त्यावर जेवण लागतंच. आज तिने गोळी घेतली होती. खाल्लं नव्हतं. आठ वाजून गेले होते. आणि स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून कोण बसलं होतं? मी.

मी धावत जाऊन वाटीत साखर-पाणी कालवलं. पण माझेच हात असे कापत होते की पहिला चमचा तिच्या पदरावर सांडला. बाबांनी माझ्या हातातून वाटी घेतली. कात्री त्यांनी कधी खाली ठेवली ते मला कळलंही नाही. ते तिच्यासमोर गुडघ्यावर बसले आणि एकेक चमचा तिच्या तोंडाशी नेला. एक थेंब सांडला नाही. "गीळ," ते म्हणायचे, ती गिळायची. "अजून एक." सगळी वाटी संपली. दहा-पंधरा मिनिटांनी आईने घाम पुसला आणि तिला आम्ही सगळे ओळखू आलो.

मग मी तिला झापलंच. राग येतो तेव्हा मला भीतीच वाटलेली असते, हे मला आता कळतं. "गोळी घेतली तर खायचं नाही का? बोलायचं तर खरं. मी काय तुला उपाशी ठेवणार होते?"

आई म्हणाली, "त्यायनं खाल्लं नव्हतं."

"मग?"

"मंग काय? त्यायच्या आधी मी कशी खाऊ?"

बाबा वाटी हातात धरून तसेच बसले होते. आई म्हणाली, "मले आता बरं आहे. तुमचा हात चालून राहिला तवर कापून घ्या." बाबा म्हणाले, "आज नाही." त्यांनी कापडाची हळूच घडी घातली, खडूच्या रेघा पुसू नयेत अशी. मग दोघांनी बसून पोळी खाल्ली, वर आईने सकाळचं दूधही प्यायला दिलं आणि त्यांनी ते प्यायलं. मला दिसत होतं की दुपारची गोळी आता दाराशी अडकणार. मी तोंडातून ब्र काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सोमवार, मी कॉलेजातून अर्धी रजा टाकली. सहाला बाबांची गोळी, साडेसहाला आईची. सात वाजता मी आईसमोर फोडणीच्या पोळीची ताटली ठेवली. तिने ती बाजूला सरकवली. मी ओरडायला तोंड उघडणार, एवढ्यात बाबा सतरंजीवरून म्हणाले, "तू राहू दे बाई." मग आईला म्हणाले, "तू पहिला घास घेतल्याबिगर मी कात्री उचलत नाही. नवरी बिनब्लाउजची जाईन मंग."

"लोक काय म्हणतीन," आई म्हणाली.

"घरात कोणते लोक आहेत?" बाबा म्हणाले.

शेवटी तिने ताटली घेतली, आमच्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड केलं आणि एक घास तोंडात टाकला. बाबांनी कात्री उचलली. खर्र, खर्र, असा आवाज यायला लागला. पाठ, मग पुढचे दोन भाग, मग बाह्या. शेवटचा गळा होता, तो त्यांनी एका दमात कापला. कापड उचलून उजेडात धरलं. रेघेच्या एक सूतही इकडे-तिकडे नव्हतं.

मला वाटलं, आता ते हसतील, काहीतरी थट्टा करतील. त्यांनी कापड खाली ठेवलं आणि आईच्या पाठीकडे पाहत म्हणाले, "पंचावन्न वर्सं झाले. मले वाटे, तुले भूकच उशिरा लागते."

आईचं चावणं थांबलं, आणि मग पुन्हा सुरू झालं.

मलाही तसंच वाटायचं. आणि मी तर तिच्या पोटची पोर.